दोन दिवसांचा महिना

ओतोसेने वाडग्यात भात घातला, डावाच्या पाठीने दाबला आणि वर आणखी एक डाव शीग लावून वाढला. शेजारी अळकुड्यांचं कालवण, वाफवलेलं टोफू, मुळ्याचं लोणचं. छोटा चौरंग उचलून ती पितरांच्या देव्हाऱ्यासमोर आली. नवऱ्याच्या नावाची काळी पाटी तिने बाहीने पुसली.

"आई, हे काय मांडलंयस?"

यागोरो दारात उभा होता. सहा महिन्यांपासून तो गावचा कारभारी होता. पायातल्या गवती जोड्यांना बर्फ चिकटलेलं होतं.

"आज वर्ष झालं यांना. बाराव्या महिन्याची अठरा."

"यंदा बारावा महिना नाही. किती वेळा सांगायचं? त्याचे दोन दिवस झाले आणि सरकारने वर्षच संपवलं. आता नवं पंचांग, सूर्यावरचं. आज पहिल्या महिन्याची सोळा."

"पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले. चंद्राला कुणी कळवलं नाही वाटतं."

"चंद्राची नोकरी जाणार नाहीये, आई! जिल्ह्याचे साहेब गावात आलेत, घरोघर बघतायत. शेजारच्या गावचा कारभारी याच पायी परवा घरी बसला. उचल हे."

"सकाळी देवळात गेले होते," ओतोसे म्हणाली. "भिक्षू म्हणाले, सूत्र म्हणायला आमची ना नाही, पण विहिरीजवळच्या हुकुमाच्या फळ्यावर तुमच्याच मुलाचं अक्षर आहे."

वरून आलेल्या हुकुमात जुने सण बंद करा, एवढंच होतं. 'श्राद्धंसुद्धा' हा शब्द फळ्यावर लिहिताना यागोरोने आपल्या मनाने घातला होता. वरच्यांच्या नजरेत भरावं म्हणून.

"पुढच्या हिवाळ्यात बारावा महिना येईल ना," तो हळू आवाजात म्हणाला. "तेव्हा अठरा तारखेला करू. भिक्षू बोलावू, सगळ्या भाऊबंदांना जेवायला घालू."

"म्हणजे अकरा महिने यांना उपाशी ठेवू?"

बाहेरून हाक आली, "कारभारी आहेत का घरात?"

यागोरो आत धावला आणि देव्हाऱ्याची दोन्ही दारं त्याने ओढून घेतली. पाटी आत गेली. चौरंग बाहेरच राहिला, बंद दारांसमोर.

साहेब वाकून आत आले, टोपी काढून चुलीपाशी बसले. त्यांची नजर देव्हाऱ्यावरून वाढलेल्या पानावर आली आणि तिथेच थांबली.

"हे कुणाचं पान?"

यागोरोने तोंड उघडलं.

ओतोसे पुढे झाली आणि चौरंगाशी बसली. "माझं, साहेब. म्हातारपणी भुकेची फार वखवख होते." तिने जेवायच्या काड्या उचलल्या.

त्या दिवसांत तिकडे पितरांपुढचं पान घंटी वाजवून त्यांना बोलावल्यावर, त्यांचं जेवून झाल्यावरच खाली घेत. घंटी अजून वाजली नव्हती. ओतोसेने पहिला घास घेतला.

चहा आला. साहेब सावकाश पिणारे होते. पहिल्या पेल्यावर दुसरा झाला. ओतोसे मान वर न करता जेवत होती. तोंडात चार दात. भात एका धडधाकट माणसाच्या मापाचा. थांबली की साहेबांची नजर तिच्याकडे वळे आणि ती पुन्हा घास घेई.

"आजीबाई, दमानं! कुणी पळवत नाही तुमचा भात," साहेब हसून म्हणाले. "कारभारी, आईला उपाशी ठेवता की काय?"

यागोरोही हसला. साहेबांइतकंच मोठ्याने.

ओतोसेने अळकुड्या संपवल्या. टोफू संपवलं. वाडग्याच्या तळाला चिकटलेलं शेवटचं शितही काडीने टिपून तोंडात टाकलं आणि वाडगा चौरंगावर पालथा घातला.

साहेब उठले. यागोरो त्यांना पोचवायला अंगणात गेला.

"बरं वाटलं," टोपी घालत साहेब म्हणाले. "लोक तोंडावर हो म्हणतात आणि घरात जुनंच चालवतात. तुम्ही सुरुवात घरापासून केलीत. वर कळवतो मी तसं."

यागोरो कमरेत वाकला. साहेबांचे बूट बर्फात करकरत वळणापर्यंत गेले, मग ऐकू येईनासे झाले. तो वाकलेलाच होता. घरात आईला उचकी लागली होती आणि ती थांबत नव्हती.