उचललेला वाडगा

अर्धांगाचा झटका आल्यापासून आराईंचा डावा हात थरथरायचा. जपानी रीतीप्रमाणे हातात धरून खायचा भाताचा वाडगा काही केल्या उचलवेना.

"अहो, राहू द्या की टेबलावरच," साएको म्हणाली. दोघंही सत्तरी ओलांडलेली. गेलं वर्षभर ती आपल्या मुलांच्या नकळत त्यांच्याकडे जेवायला येत होती. "चमचा घ्या नि खा त्या कोरियन लोकांसारखं!" ती खुदकन हसली. "माझ्याशिवाय इथं बघतंय कोण?"

आराईही हसले. पोटात कावळे ओरडत होते.

"भूकच मेली माझी," ते म्हणाले.

वाडगा खाली ठेवून चमच्यानं जेवणाऱ्या कोरियन आईचं घर सोडून, जपानी नाव लावून ते ओसाकात आले, त्याला साठ वर्षं झाली होती. तेव्हापासून एक घासही त्यांनी वाडगा उचलल्याशिवाय खाल्ला नव्हता.