औषध लागू पडलं

तीन वर्षं झाली, फुप्फुसं सुजलेल्या उंदरांवर संशोधक मॅडमचं औषध काही लागू पडेना. डाव्या पिंजऱ्याला औषध, उजव्याला नुसतं मिठाचं पाणी, आणि दोन्हीकडे काही उंदीर आपोआप बरे होत, बाकीचे धापा टाकत राहत, प्रमाण मात्र सारखंच. "सोमवारपर्यंत फरक दिसला नाही तर गाशा गुंडाळा," सरांनी बजावलं होतं.

सोमवारी मॅडमनी पाहिलं आणि त्या जागच्या जागी उडाल्याच. डावीकडचे झाडून सगळे टुणटुणीत, उजवीकडचे झाडून सगळे मलूल! "सर, जिंकलो!" त्या फोनवर किंचाळल्या आणि समोर आलेल्या, पिंजरे धुणाऱ्या मावशींना त्यांनी मिठीच मारली.

मावशी लाजल्या. "अहो मॅडम, आजारी अन् धडधाकट एकत्र ठेवतं का कुणी? काल पिंजरे धुताना मीच वेगवेगळे केले."