बाजूला जा

या, जवळ सरका. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. घाटंजीकडच्या एका वावरातली गोष्ट ऐकवतो. हसाल, आणि हसता हसता थोडे सावध व्हाल, एवढंच मागणं.

बोंडअळीचं वर्ष. बबनरावांच्या वावरात बाया वेचणीला लागलेल्या. प्रत्येकीची आपली एक पात, म्हणजे झाडांची ओळ, कमरेला कापसाची ओटी, दोन्ही हात बोंडांत. म्हणून तिथला रिवाज असा, की फोन वाजला की तो ओटीतल्या कापसावर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि वेचता वेचता बोलायचं. एकीचा फोन सगळ्या वावराचा.

कोकिळाचा फोन वाजला.

“मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद होणार आहे.”

कोकिळाचे हात थांबले. घरच्या तुकड्यातला, अळीच्या तोंडातून वाचलेला कापूस विकून आलेला पैसा त्या खात्यात होता. सोमवारी तो लेकीच्या, प्रेरणाच्या नर्सिंग कॉलेजात भरायचा होता. नाही भरला, तर पोरगी यवतमाळहून घरी.

“बंद काहून, साहेब? परवाच तं कापसाचा पैसा आला.”

“म्हणूनच सांगतोय. तुमच्या फोनवर एक नंबर आलाय. तो वाचून दाखवा, खातं चालू राहील.”

चष्मा घरी राहिला होता. कोकिळानं शेजारच्या पातीतल्या हुस्नाबीपुढं फोन धरला. “हुस्ना, वाच व जरा.”

हुस्नाबीनं फोन लांब धरून डोळे बारीक केले. “चार...”

“कोण आहे तिथं?” आवाज एकदम टणक झाला. “मॅडम, बाजूला जा. ही गोष्ट कुणाला कळता कामा नये.”

कोकिळा फोन घेऊन खरंच पात सोडून निघाली.

“कुठं चालली व?” मागच्या पातीतून मानीबाईनं विचारलं. साठी उलटलेली, पण सप्ताहातलं एक कीर्तन चुकवायची नाही.

“बँकेचा साहेब आहे, मावशी. बाजूला जा म्हणते.”

“कीर्तनात बुवा भोंगा लावून साऱ्या गावाले सांगते. शेजारणीले सांगू नको, असं म्हणते का तो कधी? याची गोष्ट चांगली असती, तं त्यानं तुले बाजूला कायले नेलं असतं?”

“मॅडम, वेळ जातोय!” फोन ओरडला.

मानीबाईनं टाळी वाजवली. कीर्तनात बुवाचे शब्द मागचे टाळकरी उचलतात, तसे तिनं ते सुरात उचलले. “वेळ जातोय, मॅडम, वेळ जातोय!”

पातीपातीतून बायांनी साथ धरली.

“हे काय चाललंय?”

“काय चाललंय, हो, काय चाललंय!”

“पोलीस येतील घरी!”

“येतील, हो, पोलीस येतील!” हुस्नाबीनं अशी तान मारली की बांधावरचे बगळे उडाले. “घरी नको, साहेब, वावरात पाठवा! वेचू लागतील!”

फोन बंद झाला. बाया पोट धरून खाली बसल्या. कोकिळाला मात्र हसू येईना.

“अन् खरंच बँकेचा असला तं?”

“तं बँक कुठं पळून चालली? जाऊन पाह्य,” मानीबाई म्हणाली.

बबनरावांनी गाडी काढली. दुपारची भाकरी सोडायच्या आत कोकिळा घाटंजीला जाऊन आली. पैसा जागेवर होता. बँकेतून कुणी फोन केलाच नव्हता. “आलेला नंबर आम्ही कधीच विचारत नाही, बाई,” तिथल्या माणसानं सांगितलं.

दुपार कलल्यावर पुन्हा फोन वाजला. ओटीवर, स्पीकरवर. बायांनी घसे खाकरले.

“आई, मी बोलतो, प्रेरणा. थोडी बाजूला जा न.”

“बाजूला जा, हो, बाजूला जा!” सारं वावर गाऊ लागलं.

पलीकडं पोरगी चक्रावली. मग म्हणाली, “हे कोण गाऊन राह्यलं व?” आणि बारीक आवाजात, “काही नाई, आई. सकाळपासून तुयी लय आठवण येऊन राह्यली.”

हे मात्र कुणी मागं म्हटलं नाही.

मानीबाईनं पदरानं नाक पुसलं. “हे पोट्टी काहीच मागून नाई राह्यली. जा, कोकिळे. आता जा बाजूला.”

कोकिळा फोन कानाला लावून बांधाकडं चालत गेली. तिच्या ओटीतून कापूस सांडत होता. कुणी तिला हटकलं नाही.

तर मायबापहो, फोनवरून कुणी तुम्हाला बाजूला बोलावलं, की आधी मानीबाईला आठवा. आणि ज्या घरात फोन उचलायला एकटंच माणूस आहे, मागं साथ धरायला कुणी नाही, त्याचीही आठवण असू द्या.