बोनसला कोण पात्र

“डब्बा खोलो, बाई,” गेटवरचा भूपेंद्र म्हणाला आणि जानकीबाईंनी हसतच डबा पुढे केला.

गेल्या दिवाळीला बोनसबरोबर कंपनीनं सगळ्यांना एकसारखाच वाटलेला तो तीन पुडांचा स्टीलचा डबा. वार्निश सुकवायच्या भट्टीजवळ ऊब असते, म्हणून शिपायापासून ऑफिसवाल्यांपर्यंत सगळ्यांचे डबे तिथल्या फळीवर असत. दुपारी अडीचला पाळी सुटली की ज्यानं त्यानं डबा उचलायचा आणि गेटवर उघडून दाखवायचा.

“ऑफिसवाल्यांचे बरे कधी उघडत नाहीत!” मागून कुणीतरी पुटपुटलं.

भूपेंद्रनं मधला पूड काढला. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी होती, चांगली मूठभर.

“अगं बाई, हे काय?” जानकीबाईंच्या तोंडून एवढंच आलं.

पीयूष तिथेच फळ्यावर बोनसची तारीख लिहीत होता. देवासच्या त्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात हजेरी, रजा, पगार, बोनस सगळं तोच बघायचा. त्यानं भूपेंद्रच्या हातातला डबा पाहिला. हातातला खडू खाली पडला.

मॅनेजरनं उभ्याउभ्याच निकाल दिला. चोरी म्हणजे बडतर्फी. “कागद तयार कर, पीयूष. सणासुदीला मला कटकट नको,” म्हणाला आणि गाडीत बसून गेलाही.

आता केबिनमध्ये दोघंच होती. जानकीबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. वाइंडिंग खात्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. तारेवरून बोट फिरवलं की कुठे खरचटलंय ते सांगायच्या. सगळ्या कारखान्याशी हिंदी, एका पीयूषशी तेवढं मराठी, कारण तो धारचा, आपल्यातला.

“मी नाही हो ठेवलं, पीयूषभिया. माझ्या धाकट्या चिऊची शपथ.”

“मला माहीत आहे.”

“मग साहेबांना सांगा ना!”

पीयूष पेपरवेट फिरवत राहिला.

“बरं, नोकरीचं जाऊ दे,” जानकीबाईंनी डोळे पुसले. “बोनस तरी मिळेल ना? अवंतीचा पहिला दिवाळसण आहे हो. जावई यायचेत. अंगठी सांगून ठेवलीय सराफाकडे. आता नाही म्हटलं तर पोरीचं सासरी तोंड काय राहील?”

गेल्याच आठवड्यात पीयूषनं कँटीनमध्ये सगळ्यांना नियम समजावला होता. वर्षात तीस दिवस भरले आणि पगार एकवीस हजारांच्या आत असला, की बोनस हक्काचा. कंपनी तोट्यात असो की नफ्यात, आठ पूर्णांक तेहतीस टक्के तरी द्यायलाच हवा. बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या. “और आपका, भिया?” असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो नुसता हसला होता.

गेल्या वर्षी एप्रिलात त्याला बढती मिळाली. पगार एकवीस हजारांच्या जरासा वर सरकला आणि बोनस हातचा गेला. बढती कसली, डोंबल! धारला माईनं त्या बोनसच्या भरवशावर रंगारी घरात आणून बसवला होता. मुलगा साहेब झाला म्हणून गल्लीभर सांगत सुटलेल्या त्या माउलीला, साहेब झाल्यापासून हात जास्तच आखडलाय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? फोनवर ती रोज विचारायची आणि हा रोज लाजेनं विषय बदलायचा.

“चोरीसाठी काढलं तर बोनस बुडतो,” तो म्हणाला. “कायदाच तसा आहे. सगळा बुडतो.”

जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला.

“पण काढायच्या आत तुम्हीच राजीनामा दिलात, तर मिळेल. मी साहेबांना पटवतो.”

“राजीनामा दिला म्हणजे चोरी कबूल केली, असंच म्हणतील ना लोक?”

पीयूषचे कान तापले. मान वर करून त्या बाईकडे बघायची त्याची हिंमत होईना. त्यानं मॅनेजरला फोन लावला, नको तितक्या अजिजीनं बोलला. पोलिसांची भानगड टळतेय म्हटल्यावर मॅनेजर तयार झाला.

जानकीबाईंनी सही केली. मग उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“आपला माणूस म्हणून उभे राहिलात, भिया. दिवाळसण वाचवलात. देव तुमचं भलं करो.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं पीयूषला झालं. “असं नका बोलू,” तो कसाबसा म्हणाला.

दारातून त्या वळल्या. “सरलेला नातू झाला ना, तिनं दुपारी पेढे वाटले. माझा मी चिऊसाठी पळसाच्या पानात बांधून ठेवला होता डब्यात. तोसुद्धा त्या मेल्या भूपेंद्रनं गिळला वाटतं!” आणि रडता रडता हसल्या.

कारखाना रिकामा झाला होता. भट्टीजवळच्या फळीवर एकच डबा उरला होता. पीयूष बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. शेवटी न उघडताच पिशवीत टाकला आणि दर शनिवारसारखी इंदूरची बस धरली. तिथून धारची.

दिवेलागणीला घरी पोचला तेव्हा ओल्या रंगाचा वास थेट गल्लीपर्यंत येत होता. माई दारातच उभी.

“दमलास का रे? आण ती पिशवी. बोनस झाला का?”

पीयूष पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत राहिला. माई डबा घासायला मोरीत घेऊन गेली. पुडांचा खणखणाट झाला आणि थांबला.

“अगं बाई! पळसाच्या पानात पेढा!” माई आतून हसत ओरडली. “लबाडा, बोनस झाला म्हणून आणलास होय?”