मानसशास्त्र स्पेशल

“मानसशास्त्रच का?” खैरनार मॅडमनी विचारलं.

मनीषानं उत्तर पाठ करून आणलं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र स्पेशल घ्यायचं तर मॅडम आधी मुलाखत घेतात, प्रॅक्टिकलमुळे जागा थोड्याच असतात, हे तिला सीनियर मुलींनी सांगून ठेवलं होतं. “मला विषयाची आवड आहे,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात दार ढकलून तिचे वडील आत आले.

रंगनाथ मखमलाबादहून मागच्या बसनं आले होते. त्यांनी धनराजला दंडाला धरून आणलं होतं. धनराज मनीषाचा मोठा भाऊ. त्याची दाढी केलेली होती, अंगात लग्नकार्याचा शर्ट होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि ओठातल्या ओठात कुणाशी तरी बोलू लागला.

“आप्पा, तुम्ही कशाला आलात?” मनीषा पुटपुटली.

“मॅडमना दाखवायला नको?” रंगनाथांनी टोपी काढून हातात घेतली. “मॅडम, हा माझा पोरगा. आयटीआय सोडून घरी आला तवापासून असाच हाय. देवाधर्माचं केलं, सिव्हिलला नेला, गोळ्या चालू हायेत. आता म्हटलं, घरातलीच पोर शिकंल आन बरं करंल त्याला. हिला तेवढं त्या स्पेशलला घ्या.”

मॅडमनी धनराजकडे बघितलं, मग मनीषाकडे. मनीषा खाली मान घालून बसली होती.

“हे बघा,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “इथे उपचार शिकवत नाहीत. स्मरणशक्ती, अवधान, त्यांच्या चाचण्या, असं असतं. आजारांची माहिती असते, पण नुसती माहितीच. औषध डॉक्टरच देणार.”

“चालंल की. जे असंल ते शिकवा.”

मॅडमनी आणखी एकदा समजावून पाहिलं. रंगनाथांनी तितक्याच अदबीनं मान डोलावली. बाहेर पडताना ते धनराजच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “झालं बरं का तुझं काम.”

मनीषाला प्रवेश मिळाला. घरी तिला फुलं तोडायला उठवणं बंद झालं. तिची आई भागीबाई एकटीच शेवंतीच्या वाफ्यात उतरायची आणि ही मागे आलीच तर म्हणायची, “तू वाच जा.” मनीषा ओसरीवर वाचत बसायची. कोपऱ्यात धनराज असायचा. पाटाला पाणी सुटल्यावर शेताच्या कडेला उभं राहून वाट बघावी, तसे रंगनाथ पुस्तकात डोकं घातलेल्या मुलीकडे बघायचे.

छिन्नमनस्कतेचा धडा जानेवारीत निघाला. मॅडम सांगत होत्या, मुलं उतरवून घेत होती. मागच्या बाकावरच्या एकानं हवेतल्या कुणाशी तरी बोलल्याची नक्कल केली, दोघंतिघं हसले. मॅडमनी त्याला वर्गाबाहेर काढलं आणि पुढचा मुद्दा घेतला. आजार कोवळ्या वयात, विशेष काही न घडता, हळूहळू सुरू झाला असेल, तर पूर्ण बरं होण्याची शक्यता फार कमी. मनीषानं ‘शक्यता’पर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

तास संपल्यावर ती मागे राहिली.

“मॅडम, ते शेवटचं... सगळ्यांनाच लागू होतं?”

“पुस्तकातलं सरासरीचं असतं गं,” मॅडम फळा पुसता पुसता म्हणाल्या. मग त्या वळल्या. “त्याच्या गोळ्या चालू आहेत ना?”

“दिवाळीपासून बंद आहेत. आप्पा म्हणतात, तू शिकतेयस, मग आता कशाला.”

मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. “घरी गेल्या गेल्या सांग त्यांना,” त्या म्हणाल्या. “गोळ्यांनी आहे तेवढं तरी टिकतं. आजच सांग.”

बसमध्ये ती मनाशी वाक्यं जुळवत राहिली. घरी पोचली तेव्हा रंगनाथ धनराजसमोर मांडी घालून बसले होते आणि ताटलीत भाकरी कुस्करत होते.

“आप्पा, दादाच्या गोळ्या परत चालू करायच्या.”

“गोळ्या नको. गोळ्यांनी नुसता मढ्यावानी पडून राहायचा. आता बसतो तरी.”

“ऐका ना, आप्पा. मला नाही जमणार त्याला बरं करायला. परीक्षा झाली तरी नाही जमणार. आमच्यात ते शिकवतच नाहीत. मॅडमनी सांगितलं होतं तुम्हाला.”

चुलीपाशी भागीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. रंगनाथ मुलीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता त्यांना कळलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू निवळला.

“परीक्षा जवळ आली म्हंजी समद्यांनाच असं वाटतं,” ते म्हणाले. “आपल्याला कायबी येत नाय, असंच वाटतं. तू जेव आन वाचत बस.”

“तसं नाही, आप्पा!” ती ओरडलीच.

“हिला कपभर दूध दे गं,” त्यांनी भागीबाईंना सांगितलं. “लय जागती पोर.”

पुढचं एकही वाक्य मनीषाला आठवेना. ती चपला न काढता तशीच दारात उभी राहिली.

रंगनाथ धनराजच्या कानाशी वाकले. “मनी जरा भ्याली हाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “तू नको भिऊ.”

धनराजनं तोंड उघडलं. रंगनाथांनी त्यात घास ठेवला.