फुलीचा गिलास

"फुंका, गुणाबाई, फुंका! अजून! थांबू नका!"

दिव्यानी सिस्टर ओरडत होती. नाकाला चिमटा, तोंडात श्वास मोजायच्या यंत्राची नळी, आणि गुणाबाईचे डोळे बाहेर यायचे तेवढे राहिलेले. तिसऱ्या खेपेलाही फुंकर अर्ध्यातच संपली. मग औषधाचा फवारा दिला, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. आकडा जिथल्या तिथं.

डॉक्टरांनी कागद मुखरूपुढं, तिच्या नवऱ्यापुढं ठेवला. चाळीस वर्षं चुलीचा धूर गिळून हिच्या श्वासनळ्या आखडल्यात, फवारा रोज ओढावा लागेल, असं ते म्हणाले.

"अन् टीबी?" मुखरूनं विचारलं.

"टीबी नाही हो. चार वर्षांपूर्वी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. हा आजार कोणाला लागत नाही."

सांगितलं होतं खरं. पण ऐकेल तो मुखरू कसला! खोकला तो खोकलाच, डॉक्टरले काय जाते सांगाले, असं म्हणत त्यानं घरी जाऊन बायकोचं ताट वेगळं केलं. गिलास ओळखू यावा म्हणून त्यावर खिळ्यानं फुली मारली, तीही स्वतःच्या हातानं. नातू आदेश झाला त्या दिवशी तिची बाज पडवीत काढली. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. आता मात्र बायकोकडं बघायची त्याला लाज वाटत होती.

बाहेर टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. गुणाबाईनं सवयीनं पिशवीतून फुलीचा गिलास काढून पुढं धरला. चहा पडला तसा मुखरूनं तो तिच्या हातातून घेतला, एक घोट प्यायला आणि परत दिला. टपरीवाला बघतोय याचीही त्याला पर्वा नव्हती.

"आदेशले आजपासून तुह्यापाशी झोपवू," तो खाली मान घालून म्हणाला.

गुणाबाईनं आधी दम खाल्ला.

"मी दिसली का तोंडावर हात धरून उभा राह्यते तो. तुमीच शिकवलं ना त्याले."

 तिनं पदरानं गिलासाची कड पुसली आणि उरलेला चहा पिऊ लागली.