एक आत, एक बाहेर

"आधी पोरगा दाखव," ओसिक्ता म्हणाली, "मग कातडी."

दुभाष्या लाझारने तेरेंतीकडे पाहिलं. तेरेंती हा त्या लाकडी गढीचा अंमलदार. सैबेरियाच्या या नदीकाठी झारचं राज्य त्याच्याच रूपाने उभं होतं, ठेवणीतला लाल झगा घालून. मागे कोसॅक शिपायांची रांग. नुकताच तोफेचा बार झाला होता आणि दरवर्षीचं भाषणही वाचून झालं होतं. महाराज तुम्हाला लेकरांसारखं सांभाळतात, आपल्या उंच हाताखाली घेतात, पोटभर जेवू घालतात. जेवण म्हणजे काळ्या आंबूस पावाचा तुकडा आणि बोटभर लोणी. बदल्यात अख्ख्या कुळाची वर्षाची शिकार. असल्या बापापेक्षा पोरकं राहिलेलं काय वाईट!

"वर बघ की," लाझार म्हणाला. "तो काय उभा आहे तुझा गेवान."

तटावर एक तरुण उभा होता. अंगात गेवानचाच अंगरखा, ओसिक्ताने स्वतः शिवलेला, छातीवर निळ्या मण्यांची नक्षी. गेवानला ओलीस नेलं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तो वर, ती खाली. पोरगा जिवंत दिसला की कुळाने खंडणी ठेवायची आणि मुकाट घरी जायचं.

"मागच्या खेपेलाही वरच उभा केला होतात," ओसिक्ता म्हणाली. "माझा मुलगा आहे तो, पाखरू नाही. खाली आणा त्याला. मी बदली आणलीय."

बदली म्हणजे तिचा थोरला दीर, उलुकी. रीतच होती तशी. ओलीस सोडवायचा तर त्याच्याच घरातला दुसरा माणूस द्यायचा. एक आत, एक बाहेर. उलुकीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, रानात त्याचा निभाव लागत नव्हता. गेवानचं मात्र सगळं आयुष्य पुढे होतं.

"हे म्हातारं घेऊन काय करू मी?" तेरेंती खेकसला. "पुढच्या वर्षी बघू."

"कुळातला सगळ्यात थोरला आहे मी," उलुकी म्हणाला. "मला टाकून ही माणसं कुठे जायची नाहीत."

"जाऊही नका," तेरेंती म्हणाला. "नदीच्या वरच्या अंगाचं एक कूळ पळालं गेल्या हिवाळ्यात. ज्याच्यामागे कातडी येत नाहीत, तसला ओलीस आम्ही पोसत नाही. बर्फात काढतो बाहेर. विचार या लाझारला."

लाझार आपल्या बुटांकडे बघत राहिला.

ओसिक्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गाठोडं सोडलं, सेबल या मुंगसासारख्या जनावराचं सगळ्यात काळंभोर कातडं वर काढलं आणि कमरेचा सुरा उपसून ते उभं चिरलं. शिपाई धावले. तोवर सुरा दुसऱ्या कातड्यावर टेकला होता.

"अगं बाई, डोकं फिरलं का तुझं!" लाझार ओरडला.

"या कातड्यांपायी माझा नवरा रानात गारठून मेला. माझी आहेत ही. सांग तुझ्या धन्याला, पोरगा समोर येईपर्यंत एकेक फाडत बसेन. मग झारला काय, शेपट्या पाठवणार?"

तेरेंतीचं तोंड उतरलं. खंडणी कमी भरली तर त्याचा वरिष्ठ त्याचीच सालटी काढणार होता. तो आणि लाझार बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजले. मग लाझार स्वतः तटावर गेला आणि त्या तरुणाला दंडाला धरून खाली घेऊन आला.

तरुणाची मान खाली होती. पायांवर बेडीचे वळ होते, गालफडं बसली होती. ओसिक्ता त्याच्यासमोर उभी राहिली. उलुकीही जवळ आला, चांगला डोळा बारीक करून बघू लागला. शिपायांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले.

"पटली ना ओळख?" लाझारने घाईघाईने विचारलं. "डोक्यावर हात ठेवून सांग. तशी रीत आहे."

ओसिक्ताने तरुणाच्या फाडकन थोबाडीत लगावली.

"मेल्या, आईला हाक मारायचंही विसरलास? आणि बाह्या बघ कुठे गेल्यात! नुसता ताडासारखा वाढलास!"

शिपाई खो खो हसले. तरुणाने मान वर केली. तो "आई" म्हणून जो रडायला लागला तो थांबेचना.

"गढीत राहून बोलणंच विसरलाय बिचारा," लाझार म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

ओसिक्ताने तरुणाच्या डोक्यावर हात ठेवला. "माझाच आहे," ती म्हणाली. मग ती तेरेंतीकडे वळली. रागाने तिचा आवाज फाटला होता. "पोसता म्हणे! याची हाडं मोजता येतात! लोकांची पोरं बेड्यांत घालायची आणि वर उंच हाताच्या गप्पा मारायच्या! असला बाप आमच्या कुत्र्यांनाही नको!"

लाझारने यातलं निम्मंसुद्धा तेरेंतीला सांगितलं नाही. तेरेंती कातडी मोजून घेत होता.

"जा पोरी," उलुकी म्हणाला. "याला घे आणि नीघ. आता थांबू नकोस."

"भाऊजी..."

"मला निदान छप्पर तरी आहे इथं. जा म्हणतो ना."

तो आत गेला. दरवाजा लागला.

ओसिक्ताने होडी पाण्यात लोटली. तरुण पुढे बसला. तिने दिलेला सुका मासा तो दोन्ही हातांनी खात होता. ती दात आवळून वल्हं मारत राहिली. नदी वळली, गढीचे बुरूज झाडांआड गेले, तेव्हा कुठे तिने वल्हं खाली ठेवलं.

"तू कुणाचा, ते घरी गेल्यावर सांग," ती म्हणाली. "माझ्या गेवानला त्यांनी कुठे टाकलं?"